अर्धा तास तिचा, अर्धा तास माझा

दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी आईने मला ताईच्या खोलीत पाठवलं. "कल्पेश, त्या कंप्युटरची वायर काढून ठेव रे. आता कोन बसनार हाय तिथं?"

एवढंच काम होतं.

खोलीत डासांच्या अगरबत्तीचा वास कोंडला होता. ताई डेंग्यूने गेली, तरी आई अजून तिथे ती लावते. खिडकी बंद होती. पंखा बंद होता. उशीवर ताईचे केस तसेच होते.

मोनालीताई जपानी शिकत होती. तिला तिकडे नोकरी करायची होती. रोज दुपारी जपानहून योशिकोबाईंचा व्हिडिओ कॉल यायचा. अर्धा तास त्या ताईला जपानी शिकवायच्या, मग अर्धा तास ताई त्यांना मराठी. बाईंचा नवरा पूर्वी उरणच्या बंदरात कामाला होता, तेव्हापासून त्यांना मराठीची ओढ. मी आठवीत शाळा सोडली. ताई चिडवायची, "तुला निस्ती मच्छीची नावं पाठ."

आदल्या दिवशी खाडीवर पिंडाला कावळा शिवत नव्हता. कावळे समोर बसलेले, पण एकही हलेना. दयाराममामा म्हणाला, "कसली इच्छा राहिली पोरीची? बोला कुनीतरी." आईने हात जोडून सांगितलं, तुझे दागिने कुनाला देनार नाय. मामाने सांगितलं, तुझ्या आईला सांभालीन. कावळे तसेच. ऊन चढलं. ताई उपाशी बसलीय असं मला वाटायला लागलं, ते सोसेना. मी पुढे झालो आणि बोलून गेलो, "ताई, तुझ्या जागेवर मी बसतो. तुझा क्लास मोडू देनार नाय."

शब्द संपायच्या आत कावळा भातावर उतरला.

सगळ्यांनी सुटकेचा श्वास टाकला. मामा तेवढा माझ्याकडे बघत राहिला. "तिच्या जागेवर... असं बोलतात काय रे येड्या?"

आणि आता मी वायरला हात घातला, तेवढ्यात कंप्युटर वाजायला लागला.

मी कॉल घेतला. पांढऱ्या केसांच्या बाई समोर आल्या. माझी तयारीच नव्हती. मी सरळ सांगितलं, "मोनालीताई मेली. ताप आला होता तिला."

बाईंनी चष्मा काढून ठेवला. मग हळू म्हणाल्या, "केव्हा?"

"दहा दिवस झाले," मी सांगितलं.

"पण ती रोज येत होती... कालपर्यंत. चित्र दिसत नव्हतं. फक्त आवाज."

खरं सांगतो, भीतीच्या आधी मला आनंद झाला. हॉस्पिटलात शेवटी तिच्या तोंडात नळी होती. ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती.

"काय बोलायची?"

"काल म्हणाली... उद्यापासून भाऊ बसेल. त्याने कबूल केलं आहे."

मी खुर्ची ओढली. "मला तिचा आवाज ऐकायचाय. एकदाच."

बाईंनी मान हलवली. "नको. तू ऊठ. घरी कोणी आहे?"

"एकदाच, बाई. तुमच्या पाया पडतो."

त्यांनी डोळे मिटले आणि जपानीत काहीतरी हळूच विचारलं. शेवटी 'मोनाली-सान' एवढंच मला कळलं. मी ताईच्या आवाजाची वाट बघत कान लावून बसलो. अगरबत्तीचा वास एकदम दाट झाला. जिभेवर औषधाची कडू चव आली...

मग बघतो तर खोलीत अंधार. फक्त पडद्याचा उजेड होता. माझा घसा कोरडा पडला होता, खूप बोलल्यावर पडतो तसा. बाई रडत होत्या.

"आली होती?" मी विचारलं. "मला का नाही ऐकू आलं?"

"तूच बोलत होतास... इतका वेळ. जपानी. तिच्या आवाजात."

"काय बोललो मी?"

त्या सांगेनात. मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्या पडद्याजवळ आल्या आणि कुजबुजल्या, "ती सारखी विचारत होती... इथे जागा मिळाली, पण माझा भाऊ कुठे गेला?"

कॉल तुटला.

मी वळलो. मागे आई उभी होती. हातात चहाचा कप, वर साय धरलेली. किती वेळ उभी होती कोण जाणे. ताई गेल्यापासून पहिल्यांदाच ती हसत होती.

"थांबलीस का, मोना?" ती म्हणाली. "अजून बोल ना."

तिच्या मागे दार होतं. तिने ते आतून कडी घालून लावलं होतं.