गुपचूप लग्नाला जागा हवी

समुद्राकडे तोंड करून एक माणूस घडीची खुर्ची उघडत होता. बसला, गळ्यातला मफलर वाऱ्यात वर धरला, नकारार्थी मान हलवली, उठला... आणि दहा पावलं पुढे जाऊन पुन्हा तेच! स्कॉटलंडमधल्या लुइस बेटाच्या पश्चिम किनाऱ्यावर मार्चच्या गारठ्यात हवा खायला कुणी येत नाही. कॅमेऱ्याची पिशवी सावरत एफी मॉरिसन वाळूतच थबकली. तिच्या मनात पाल चुकचुकली.

"खुर्चीला जागा पसंत नाही वाटतं?" तिनं विचारलं.

तो दचकला. "खुर्चीला काय, कुठंही चालतं. तिला वारा सोसत नाही."

"तिला म्हणजे?"

"नवरीला." त्यानं जीभ चावली. "तुम्ही ऐकलं नाही असं समजा."

"समजते. पण जागा शोधून देणं हाच माझा धंदा आहे."

आणि होताच तो. घरच्यांना चुकवून लग्न करायला आलेल्या जोडप्यांना एफी ओसाड किनारे, कडे, धबधबे दाखवायची आणि फोटो काढायची. ज्या जागी लग्न लागणार ती कागदावर महिनाभर आधी लिहून द्यावी लागते, ऐन वेळी बदलता येत नाही. म्हणून जागेचा एवढा घोर.

माणसाचं नाव फिनले मॅकायव्हर. बेटाच्या दुसऱ्या टोकाला मागावर लोकरी कापड विणायचा. केसांत लोकरीचे तंतू, डोळे करडे, हसणं मात्र जरा जास्तच गोड. असल्या हसण्यावर एफीचा विश्वास नव्हता. चार वर्षांपूर्वी ग्लासगोतला एक गोड हसणारा तिला दीड वर्ष कुणी नसेल अशाच ठिकाणी भेटत राहिला होता, आणि शेवटी त्याला बायको असल्याचं निघालं. दुधानं तोंड पोळलेली पोरगी ती, ताक फुंकूनच पिणार.

तीन शनिवार दोघं जागा धुंडाळत हिंडले.

"इथं चढ आहे," कड्यावर पोचताच तो म्हणाला.

"मग? नवरीला पाय नाहीत?"

"गुडघा दुखतो तिचा."

धबधब्यापाशी त्याचं वेगळंच. "इथून रस्ता दिसतो."

"लाज वाटते लग्नाची?"

"मला नाही. तिला... थोडी."

गारा आल्या तसे दोघं गाडीत शिरले. त्यानं चहाचा पहिला कप तिला दिला, आणि तो इतका सहज दिला की एफीला त्याचाही संशय आला.

"नवरी दिसते कशी? डोळे तरी कसे आहेत?"

"लोक म्हणतात, माझ्यासारखेच." मग तो हळूच म्हणाला, "तुमचे हिरवे आहेत. का काचेतून तसे दिसतात?"

"नवरदेवानं दुसऱ्यांच्या डोळ्यांत बघू नये."

"नवरदेव?" तो हसायलाच लागला होता, पण तोंड मिटलं. "बरोबर. नवरदेवानं बघूच नये."

एफीला राग आला. त्याहून जास्त राग आला तो स्वतःचा, कारण कप परत देताना बोटांना बोटं लागली तेव्हा तिला ती काढून घ्यावीशी वाटली नव्हती. मित्रासाठी हिंडत असेल, तिनं मनाची समजूत घातली. तिसऱ्या शनिवारी वाळूच्या टेकाडामागं एक खोलगट जागा सापडली, वारा नाही, गाडी थेट आत जाते. त्यानं ती कागदावर लिहिली.

पुढच्या आठवड्यात एफी कामासाठी नोंदणी कचेरीत गेली. तिथं होऊ घातलेल्या लग्नांची यादी भिंतीवर लावलेली असते. फिनले मॅकायव्हर आणि डोलिना स्मिथ. दोनच नावं, पण तिनं ती तीनदा वाचली. डोलिना! नाव म्हातारीचं, पण इथं पोरींना आज्यांची नावं ठेवतात, त्यामुळं ही विशीचीही असू शकत होती. आणि हा लबाड दुसरीच्या डोळ्यांचे रंग मोजत हिंडत होता. फोटो काढायचे आणि पुन्हा त्याचं तोंड बघायचं नाही, तिनं ठरवून टाकलं.

लग्नाच्या सकाळी गाडी टेकाडामागं आली. फिनले उतरला, नवा कोट घालून. मागच्या दारातून निळ्या कोटातल्या एक म्हाताऱ्या बाई उतरल्या, मग रापलेल्या चेहऱ्याचा एक म्हातारा.

"साक्षीदार आणलेत. आणि नवरी?" एफीनं थंडपणे विचारलं.

तेवढ्यात लग्न लावायला कचेरीतून आलेल्या बाईंनी कागद उघडला. "फिनले मॅकायव्हर, पुढं या."

दोघं पुढं आले. करड्या डोळ्यांचा आणि म्हातारा.

"अरे, तू नाही रे!" म्हाताऱ्या बाई ओरडल्या. "लग्न तुझं आहे का माझं?"

"सवय, आई. नाव ऐकलं की पाय उचलतात."

म्हातारा खदखदून हसला. "बेटावर अकरा फिनले मॅकायव्हर आहेत, पोरी. मी बोटवाला, हा मागवाला. कागदाला टोपणनाव चालत नाही."

एफीच्या वर्गात तीन एफी मॉरिसन होत्या. शाळाभर तिला दीपगृहवाली एफी म्हणत. तीच यादीला फसली! लाजेनं तिचे कान तापले, आणि छातीवरचा धोंडा उतरला तो वेगळाच.

डोलिनाबाईंचा भाऊ चर्चचा कारभारी, आणि बोटवाल्यानं चाळीस वर्षांत चर्चचं तोंड पाहिलेलं नव्हतं. भाऊ आडवा येईल म्हणून लग्न लागेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, अशी आईनं लेकाला शपथ घातली होती. लग्नाची वचनं झाली, म्हाताऱ्यानं नवरीला सगळ्यांसमोर दणदणीत मुका दिला, दुसरी साक्षीदार म्हणून एफीनंच सही केली.

फिनले तिच्याजवळ आला. "आता बोलता येईल मला..."

"आणखी किती डोलिना लपवल्यात?"

"एकच होती. गेली बोटवाल्याबरोबर." त्यानं मफलर सोडला, पुन्हा बांधला. "एफी, मला तू आवडतेस. आपण भेटायचं का..."

"पुन्हा कुणी नसेल अशा जागी?" तिचा आवाज चिरकला. "मला नको. लपून भेटणाऱ्याला मी एकदा भोगलंय."

"रविवारी. अकराच्या प्रार्थनेला. आमच्या चर्चमध्ये, पहिल्या बाकावर, माझ्या शेजारी."

तिला वाटलं, ऐकण्यात चूक झाली. त्या बाकावर शेजारी बसलं की संध्याकाळपर्यंत बेटभर लग्न ठरवून मोकळे होतात लोक.

"तुझा मामा बघेल."

"बघू दे."

"सगळं गाव बघेल, फिनले."

"म्हणून तर."

एफीनं त्याच्या चेहऱ्याकडं नीट, अगदी उलटतपासणी घेतल्यासारखं पाहिलं.

"चर्चमध्ये टोपी लागते बाईला," ती म्हणाली. "माझ्याकडं एकच आहे... लालभडक."

"मग तीच घाल," तो म्हणाला. "शेवटच्या बाकावरूनही दिसेल."