ताईची तिसरी खुर्ची

ही गोष्ट मी जेवणाआधी कुणाला सांगत नाही.

खरं तर जेवणानंतरही नाही. तुमच्याही पोटात आत्ताच काही गेलं असेल तर जरा थांबून वाचा.

गोष्ट खरी आहे. माझ्या सख्ख्या बहिणीच्या घरात घडली आणि शेवटी शेवटी तर मी तिथेच होते. रात्रीबित्री नाही... भर दुपारी. खिडकीतून लख्ख ऊन येत होतं. समोरच्या बिल्डिंगमध्ये कुणीतरी मिक्सर फिरवत होतं.

ताईला तेव्हा पाचवा महिना होता. ती घरून काम करायची. डॉक्टर लोक बोलून रेकॉर्ड करून पाठवतात, ते ऐकायचं आणि त्याचे रिपोर्ट टाइप करायचे. दिवसभर कानात हेडफोन आणि बोटं कीबोर्डवर. आमचे जिजू लिफ्ट दुरुस्त करतात. आणि त्यांना भाड्याने घर मिळालं ते तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या बिल्डिंगमध्ये! यावरचे त्यांचे विनोद काही संपत नसत.

घर म्हणजे एक खोली आणि एक स्वयंपाकघर. पलंग आणि कपाट ठेवलं की खिडकीजवळ जेमतेम एक बोळकांडी उरायची. त्यात टेबल कसंबसं बसवलेलं. ताई प्लास्टिकच्या साध्या खुर्चीवर बसून काम रेटत होती. पण पाचव्या महिन्यात कंबर बोलायला लागली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "पाठीला नीट आधार देणारी खुर्ची घ्या, नाहीतर काम बंद करा."

काम बंद करायची ताईची तयारी नव्हती.

म्हणून खुर्ची.

पहिली आणली जुन्या फर्निचरच्या दुकानातून. बंद पडलेल्या कुठल्यातरी ऑफिसातली. काळी, गुबगुबीत, चाकांची. हात इतके रुंद की बोळकांडीत शिरेना, म्हणून जिजूंनी पान्याने हातच काढून टाकले. ताईने औषधाच्या पाण्याने पुसली, गच्चीवर उन्हात ठेवली. काही दिवस बरे गेले.

मग एका सकाळी ती चहाचा कप घेऊन कामाला बसली... आणि तशीच उठली.

सीट गरम होती.

उन्हाने नाही. ऊन त्या बाजूला दुपारी यायचं. बसमध्ये आपल्या आधीचा माणूस उतरतो आणि आपण त्याच्या जागेवर बसतो... तेव्हा मांड्यांना लागते ना, ती ऊब.

दमट. परकी.

"तू बसला होतास का रे इथे?" तिने विचारलं.

जिजू टॉवेल गुंडाळून बाथरूममधून बाहेर येत होते. "मी आत्ता आंघोळ करून येतोय ना बाई!"

त्यानंतर वास यायला लागला. बरेच दिवस न धुतलेल्या डोक्याचा. उशीचा अभ्रा काढल्यावर आत पिवळा डाग दिसतो, त्या डागाचा.

ताई मला फोनवर सांगायची आणि मी हसायचे. "अगं, या दिवसांत नाक तिखट होतंच." आई तेच म्हणायची. ताईच्या सासूबाईही. ताईला कांदा सोसत नव्हता, जिजूंच्या दाढीचा साबण सोसत नव्हता. मग खुर्चीचा वास आला तर नवल काय? सगळं पोटातल्या बाळावर ढकलून आम्ही मोकळे.

एक दिवस खुर्चीचं चाक अडलं.

जिजूंनी ती उलटी केली. चाकात केस गुंडाळले होते. ताईचे केस लांब, काळेभोर. हे आखूड होते. पांढरट. आणि त्यांच्या मुळाशी कोंड्याची चिकट पापडी...

ओली.

ताई मोरीत जाऊन ओकली. खुर्ची त्याच दिवशी भंगारात गेली.

"जुना माल, दुसरं काय," जिजू म्हणाले. "कुणाच्या बुडाखालची होती, देव जाणे. आता कोरी घेऊ."

नवीन खुर्च्यांच्या दुकानात ताईने म्हणे प्रत्येक खुर्चीला नाक लावून वास घेतला. दुकानदार शेवटी म्हणाला, "मॅडम, खुर्चीवर बसून बघतात."

"आमच्याकडे आधी हुंगतात," जिजू म्हणाले.

घेतली ती प्लास्टिकात गुंडाळलेली, कोरी करकरीत. ताईने ते प्लास्टिक काढूच दिलं नाही. त्यावरच बसायची. हलली की चर्र... चर्र... आवाज.

त्याच सुमारास आईने मला तिच्याकडे पाठवलं. "उगाच मनाला लावून घेतेय ती. राहा जाऊन थोडे दिवस."

दुसऱ्याच दुपारी आम्ही दोघी स्वयंपाकघरात होतो. मी भांडी पुसत होते. बाहेरच्या खोलीतून आवाज आला...

फुस्स्स...

ताईचा चेहरा उतरला. "खाली गेली," ती म्हणाली.

"कोण?"

"खुर्ची."

या खुर्च्या वरखाली होतात, तुम्हाला माहीतच असेल. पण सीटवर वजन असल्याशिवाय ती खाली जात नाही, हे मला जिजूंनीच नंतर सांगितलं.

मी बाहेर गेले. खोलीत कुणी नव्हतं. खुर्ची मात्र अगदी खाली बसली होती. मी जवळ जाऊन वाकून बघितलं... आणि तोंडावर हात दाबला.

प्लास्टिकला वाफ धरली होती.

आतून.

सीटवर दोन रुंद मांड्या. पाठीवर एक भलीमोठी पाठ. अख्खा माणूस उमटला होता, घामाच्या थेंबांनी. एक थेंब माझ्यादेखत ओघळला. पिवळसर होता.

संध्याकाळी जिजूंनी कात्रीने प्लास्टिक कापलं. भपकन वास आला. ते काहीतरी विनोद करणार होते बहुतेक, तोंड उघडलं होतं. तसंच मिटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं खुर्ची घेऊन दुकानात गेलो. दुकानदार चिडला. "ओल्या अंगाने बसलात आणि आता माल परत?" जिजूंनी बराच वेळ हुज्जत घातली. शेवटी तो बदलून द्यायला कबूल झाला.

"कुठली देऊ?"

"जाळीची," ताई म्हणाली. "आरपार दिसेल अशी."

तिसरी खुर्ची ती. सीट जाळीची, पाठ जाळीची. खालची फरशी दिसायची तिच्यातून. फोम नाही, कापड नाही, घाम मुरायला जागाच नाही. ताई पहिल्यांदा निवांत बसली. दोन तास काम केलं तिने. मला हाक मारून म्हणाली, "कंबर दुखली नाही गं आज!"

मग आम्ही जेवायला बसलो. ती पलंगावर, मी खाली. ऊन खिडकीतून थेट टेबलावर आलं होतं. समोरचा मिक्सर बंद झाला.

एकदम शांतता.

मी घास तोंडात घातला आणि सहज वर बघितलं.

सीटची जाळी... खाली जात होती.

हळूहळू. आधी थोडीशी. मग दोन गोल खळगे झाले, शेजारी शेजारी. मग पाठीची जाळी मागे फुगली. खुर्ची करकरली. जेवून सुस्तावलेला जाडजूड माणूस रेलतो ना... तशी.

आणि त्या जाळीतून मला पलीकडची भिंत स्वच्छ दिसत होती.

ताईचा हात ताटातच थांबला होता.

कट्...

पुन्हा. कट्... कट्...

कुणीतरी दातांनी नखं कुरतडत होतं. मग जिभेच्या टोकावरून काहीतरी थुंकल्यासारखा आवाज. थुत्.

फरशीवर एक बारीक वस्तू पडली. माझ्या ताटापासून हातभर अंतरावर.

नखाचा तुकडा. जाड, पिवळा. थुंकीने चकाकत होता.

माझा घास तोंडातच होता. गिळवेना, टाकवेना.

मग खुर्ची वळली. टेबलाकडे तोंड होतं ती सावकाश आमच्याकडे फिरली. थांबली ती बरोबर ताईसमोर. आणि घशात साठलेला कफ वर ओढावा तसा एक लांब, ओला, घरघरता आवाज आला... ताईच्या पोटाच्या दिशेने.

"ऊठ!" ताई ओरडली. मी तिला तसं ओरडताना कधीच ऐकलं नव्हतं. "ऊठ तिथून! माझी जागा आहे ती!"

जाळी हलली नाही.

उलट आणखी खाली गेली. ऐसपैस.

आम्ही उष्ट्या हातांनी जिन्यात पळालो. जिजू येईपर्यंत पायऱ्यांवरच बसून होतो. आत जायची छाती झाली नाही.

ते आले तेव्हा उन्हं उतरली होती. आम्ही सांगितलं ते त्यांनी ऐकून घेतलं. आत जाऊन नखाकडे बघितलं. एकही विनोद केला नाही. शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि खुर्ची उचलली.

उचलली म्हणजे... उचलवेना. दोन दिवसांपूर्वी हीच खुर्ची त्यांनी एका हाताने वर आणली होती. आता ती पाठीवर घेऊन ते वाकून, पायरी पायरीला थांबत उतरले. खालून बराच वेळ त्यांच्या धापांचा आवाज येत होता. मग तोही थांबला.

कचऱ्याच्या जागेवर खुर्ची टाकून ते परत आले आणि सरळ आंघोळीला गेले. बाहेर आले. मान पुसली. पुन्हा आत गेले.

ताईने घरमालकिणीला फोन लावला. आधी इथे कोण राहायचं, असं विचारलं.

"कोण म्हणजे? कोरं घर दिलंय गं तुम्हाला," त्या म्हणाल्या. "तुमच्याआधी कुणीच नाही. का, काय झालं?"

ताईने फोन ठेवला.

मग जिजू आले. केसांतून पाणी गळत होतं. पलंगावर बसायचं सोडून ते भिंतीला टेकून उभे राहिले.

"मानेवर श्वास सोडत होता," ते म्हणाले. "सगळ्या जिन्याभर."

ताईने त्यांच्या हातात टॉवेल दिला.

"दुसऱ्या मजल्यापर्यंत. तिथे जरा टेकलो दम खायला. पुन्हा उचलली तर... एकदम हलकी. पिसासारखी."

"म्हणजे?" मी विचारलं.

जिजूंनी माझ्याकडे बघितलं नाही. "तिथलं दार उघडं होतं," ते म्हणाले.

ती रात्र आम्ही ताईच्या सासूबाईंकडे काढली. लगेच दुसरं घर बघितलं आणि आठवड्याच्या आत सामान हललं. टेम्पो जिजूंबरोबर पुढे गेला. ताई आणि मी कुलूप लावून मागून निघालो. ती कठड्याला धरून पुढे, मी पिशव्या घेऊन मागे.

दुसऱ्या मजल्यावरचं दार सताड उघडं होतं. आतल्या बाई सोफ्यावर एक गुडघा टेकवून वाकल्या होत्या. सोफ्याची गादी त्यांनी नाकाशी धरली होती. आम्हाला बघून ओशाळल्या.

"अहो, तुम्हाला कसला वास येतोय का हो?" त्यांनी विचारलं. "आमचे हे म्हणतात, मलाच भास होतोय."

ताई थांबली. मला वाटलं, आता ती सांगणार.

"नाही हो," ती म्हणाली. "काहीच नाही."

आणि जिना उतरायला लागली.

बाळ छान झालं. आता शाळेतही जातं. ताई नवीन घरात जमिनीवर चटई टाकून काम करते. ती आजही शपथेवर सांगते, त्या दारात तिला खरंच कसलाही वास आला नव्हता.

असेलही.

पण मी तिच्या मागेच होते. खाली फाटकाबाहेर पोचेपर्यंत ताईने श्वास घेतला नव्हता.