समन्स घेणारी

बायको गेल्याचं मला प्रशिक्षणाच्या वर्गात कळलं. कोर्टाच्या सुधारणेची सरकारी योजना आली होती आणि आम्हा बेलिफांना सभागृहात बसवून मोबाइलवरून समन्स कसं बजावायचं ते शिकवत होते. शिकवणारी मुलगी आमच्या लेकीहून लहान. "काका, दोन्ही खुणा निळ्या झाल्या की झाली बजावणी. आता दारोदार फिरायला नको," असं ती सांगत होती, तेवढ्यात माझाच फोन वाजला. दवाखान्यातून मेहुणा होता. "भावजी, तुम्ही या," एवढंच म्हणाला. तो इतकं हळू कधी बोलत नाही. मी समजलो.

लोक भेटायला येतात, वाईट वाटतं म्हणतात. मलाही वाटतं. पण एकटा बसलो की आमची पहिली भेट आठवते, आणि हसूच येतं. त्या जुन्या, रखडणाऱ्या कोर्टाचे माझ्यावर फार उपकार आहेत. ते कसे, तेच सांगतो.

तेव्हा मी नवा बेलिफ होतो. बेलिफ म्हणजे कोर्टाचा कागद माणसाच्या हातात नेऊन देणारा. खांद्याला पिशवी, पिशवीत समन्स, आणि माणूस सापडलाच नाही तर कागद दारावर डकवायला खळीचा डबा. दोन भावांचा गोदामावरून दावा चालू होता. गोदामाचं कुलूप कोणी बदललं, एवढाच वाद. नव्या कुलपाची जादा किल्ली जिने करून दिली, तिची साक्ष हवी होती.

किल्ल्यांचं दुकान म्हणजे एका जिन्याखालची जागा. आत एक म्हातारा कुलूप खोलून बसला होता. स्टुलावर एक मुलगी कानशीने किल्ली घासत होती. तिच्या गालावर पितळेचा कीस चमकत होता. मी समन्सवरचं नाव वाचून दाखवलं.

"ती बाहेर गेलीय," मुलगी मान वर न करता म्हणाली.

"कधी येईल?"

"सांगून नाही गेली." मग तिने मान वर केली. माझ्याकडे नीट पाहिलं. "उद्या बघा येऊन."

म्हातारा खोकला. मला वाटलं, धुळीने.

दुसऱ्या दिवशी बारीक पाऊस होता. पिशवी भिजू नये म्हणून मी ती सदऱ्याच्या आत घेतली होती. मला बघून ती ओठ दाबून हसली.

"पोट सुटलं की काय एका रात्रीत?"

"कोर्टाचे कागद आहेत. ती आली का?"

"नाही आली."

"दिसायला कशी आहे? रस्त्यात भेटली तर ओळखेन."

"बरी आहे... चारचौघींसारखी."

"आणि स्वभाव?"

"तिरसट. पण मनाने चांगली."

"लग्न झालंय?"

कानस थांबली. "हे समन्सवर लिहावं लागतं?"

"नाही," मी म्हणालो. माझे कान तापले होते. ती बाहेर गेलेली बाई कोण, ते मला तिथेच कळलं. पण तिने कबूल केल्याशिवाय कागद देता येत नव्हता.

तिसऱ्या खेपेला मी खळीचा डबा पायरीवर ठेवला. "आज नाही भेटली तर दारावर डकवावं लागेल."

"दाराला परवाच रंग दिलाय," ती म्हणाली.

"मग तिला बोलवा."

म्हाताऱ्याने हातातलं कुलूप खाली ठेवलं. "अगं चिमे, त्या माणसाला किती हेलपाटे घालायला लावशील? बाहेर गेलीय म्हणते, आणि बूड हलत नाही हिचं स्टुलावरून."

ती लाल झाली. कागदासाठी हात पुढे केला आणि पुन्हा मागे घेतला. "घेतला, की तुमचं इथलं काम संपलं?"

"संपलं."

"म्हणजे परत यायचं कारण नाही."

कागद दिला तर तिला बघणं संपणार, नाही दिला तर नोकरीशी बेइमानी. तेवढ्यात म्हाताऱ्याने विचारलं, "साहेब, मला वाचता येत नाही. पोरीला धरून नेणार का?" इतके दिवस तो हीच भीती मनात ठेवून कुलपं दुरुस्त करत होता.

मी पायरीवर त्याच्या शेजारी बसलो. समन्स सावकाश वाचून दाखवलं. मग पुन्हा एकदा. ही फक्त साक्ष आहे, तिच्यावर आरोप नाही, जे पाहिलं ते सांगायचं आणि घरी यायचं, हे त्याला पटेपर्यंत सांगितलं. त्याने सुस्कारा सोडून चहा मागवला.

तिने सही केली. कागद घेताना म्हणाली, "बेलिफसाहेब, कागद नसताना तुम्ही कोणाकडे जाता का?"

"अजून गेलो नाही."

"मग शिका की."

"तुमची साक्ष होऊ दे. तोवर मी कोर्टाचा माणूस. बरं दिसणार नाही."

"किती दिवस लागतील?"

काय सांगणार? कधी जज्जसाहेब रजेवर, कधी वकील आजारी, कधी फाइलच सापडेना. दर तारखेला ती कोर्टाच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसलेली असायची, आणि माझी वाट नेमकी तिथूनच जायची.

"आजही नाही?"

"पुढची तारीख पडलीय."

"तुमच्या कोर्टाला माझा भारीच लळा लागलाय," ती म्हणायची. "कोर्टालाच ना?"

मी पिशवी सावरत पुढे निघायचो.

साक्ष झाली त्या संध्याकाळी मी पिशवी न घेता दुकानात गेलो. म्हाताऱ्याने विचारलं, "आता कोणाला समन्स?"

"नाही. एक किल्ली करायची होती."

"कुलूप आणलंय?" तिने विचारलं.

"कुलूप... अजून घ्यायचंय."

"घर तरी आहे ना, की तेही घ्यायचंय?"

"भाड्याचं आहे. दोघांना पुरेल."

तिने बापाकडे पाहिलं. तो डोळे मिटून खोकला. "चालेल," ती म्हणाली, आणि पुन्हा कानस उचलली.

संसार चांगला झाला. तिने मला सुखात ठेवलं. पुढे सुधारणेची योजना आली तेव्हा ती आजारी होती. मी कुरकुरत होतो. "तेव्हा मोबाइल असता, तर तू भेटली असतीस का मला?"

"नसते भेटले. पण शेजारच्या मावशींचा दावा त्यांच्या हयातीत निकाली निघाला असता. आपलं लग्न जमलं म्हणून लोकांनी जन्मभर ताटकळायचं का, अहो?"

मोबाइल वापरायला तिनेच शिकवलं, पलंगावर पडल्या पडल्या. मग म्हणाली, "तुमच्या साहेबांना फक्त एक सांगा. ज्याला वाचता येत नाही, त्याच्याकडे माणूस जाऊ दे. तुम्ही बाबांना वाचून दाखवलंत, म्हणून मी हो म्हणाले. नाहीतर दिसायला तुम्ही बेताचेच."

योजना चांगली आहे. निकाल लवकर लागतील, आणि लागावेत. साहेबांनी सूचना मागवायला आमची बैठकही घेतली. मी उठून उभा राहिलो, "आमची ही म्हणायची" एवढंच म्हणालो आणि खाली बसलो. सगळे साहेब थांबले होते. पुढची बैठक व्हायची आहे. तिचं म्हणणं मी अजून त्यांना सांगितलेलं नाही.