शिवलीला कोण?

गायत्री आणि विरेश यांची पहिली भेट तहसील कचेरीत झाली, तीही भांडणानं.

येडशीला ठिबकच्या पाइपांचं दुकान चालवणारा विरेश एका दुपारी तिच्या टेबलासमोर येऊन उभा राहिला. वडिलांनी त्याच्या नावावर घेतलेल्या जमिनीच्या कागदात लिहिणाऱ्यानं विरेशचं वीरेंद्र करून ठेवलं होतं. गायत्रीनं दुरुस्तीचा अर्ज कसा करायचा ते सांगितलं. तो आला, तर आधार कार्ड विसरून आला. पुन्हा आला, तेव्हा शाळेचा दाखला धाकट्या भावाचा आणला. चौथ्या खेपेला मात्र त्यानं टेबलावर दोन्ही हात टेकले आणि म्हणाला, "मॅडम, जमीन गेली तरी चालंल. माझं नाव तेवढं मला परत द्या."

गायत्रीला हसू आलं. काम झालं, तरी त्यानंतर तो दोनदा आभार मानायला आला, एकदा पेढे घेऊन आला आणि एकदा काहीच न घेता, नुसताच आला. दोन्हीकडचे लिंगायत, ओळखीपाळखीचे निघाले. दिवाळीनंतर साखरपुडा झाला.

लग्न पंधरा दिवसांवर आलं तेव्हा विरेशनं एक युक्ती काढली. घरच्यांना सांगितलं, आमच्याकडच्या पत्रिका आम्ही दोघं मिळून वाटतो, पाहुणे खूश होतील. गायत्रीला फोनवर सांगितलं ते वेगळंच. शनिवारी नळदुर्गचा किल्ला, रविवारी रामलिंग, आणि जाता-येता जमल्या तर पत्रिका.

शनिवारी सकाळी आठला तो लोहाऱ्याला तिच्या दारात गाडी घेऊन हजर झाला. तिनं मोरपंखी ड्रेस घातला होता. काच खाली केली की गार वारा यायचा, दोन्ही बाजूला तूर पिवळीधमक फुलली होती, आणि विरेश गिअर टाकायच्या निमित्तानं… उगीचच गिअर टाकत होता. पण वाटेत एक मामेभाऊ भेटला, त्यानं घरी नेलं. तिथून एका आत्याकडं, तिथून आत्याच्या व्याह्याकडं. तीन घरी तीनदा पोहे झाले. अकरा वाजत आले आणि किल्ला अजून कुठल्या कुठं.

"किल्ला काय पळून जातोय का?" विरेश म्हणाला.

"मी जाईन पळून."

"मग किल्ला राहू द्या. मी तुमच्याच मागं येतो."

तिनं तोंड खिडकीकडं वळवलं, कारण हसलेलं त्याला दिसू द्यायचं नव्हतं.

चौथं घर जेवळीचं, सिद्धारामकाकांचं. आधीच्या तिन्ही घरांनी पत्रिका न उघडताच देवापुढं ठेवली होती. काका पडले निवृत्त मास्तर. हातात आलेला कागद मोठ्यानं वाचल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. त्यांनी चष्मा लावला, पाकीट फोडलं आणि वाचायला लागले. चिरंजीव विरेश यांचा शुभविवाह चि. सौ. कां. शिवलीला… तिथं ते थांबले. चष्म्यावरून त्यांनी गायत्रीकडं पाहिलं.

"ही शिवलीला कोण?"

गायत्री आधी हसलीच. छापखान्यात दुसऱ्या कुणाच्या पत्रिकेतलं नाव मिसळलं असेल, असं तिनं काकांना समजावलंसुद्धा. मग तिची नजर विरेशकडं गेली. तो बशीतला कप गोल गोल फिरवत होता आणि त्याचे कान पाळ्यांपर्यंत लाल झाले होते. आतून काकू कौतुकानं म्हणाल्या की, विरेशच्या घरी सुनेचं नाव बदलायची पद्धतच आहे, आणि नाव कसं गोड ठेवलंय बघा.

 गाव मागं पडल्यावर गाडीत तिनं विचारलं आणि त्यानं सांगितलं. पत्रिका मंगळवारी छापून आल्या. नाव आईनं दिलं होतं. त्यांच्या घरात सगळ्याच सुनांची नावं बदलली गेली आहेत, आईचा तसा आग्रह होता. तो सांगणारच होता.

"कधी?"

"आज. नळदुर्गला पोचल्यावर… निवांत."

म्हणजे किल्ला यासाठी होता. आठवडाभर ती ज्या किल्ल्याची स्वप्नं बघत होती, ड्रेसला इस्त्री करत होती, तो किल्ला हे सांगण्यासाठी ठेवलेला होता. 

"नावातल्या एका चुकीसाठी तू चार खेपा घातल्या होत्यास," ती म्हणाली. "टेबलावर हात आपटले होतेस. आणि माझं अख्खं नाव गेलं तर पोहे खात बसलास?"

आजवर ती त्याला तुम्ही म्हणत होती. आता तू झालं, हे तिच्या ध्यानातही आलं नाही. त्याच्या आलं, पण त्याचा आनंद मानायची ही वेळ नव्हती.

"कागदोपत्री गायत्रीच राहील की," तो चाचरत म्हणाला. "फक्त घरात…"

"आणि मी राहणार कुठं? कागदावर?"

फाट्यावर तिनं गाडी थांबवायला लावली, पर्स उचलली आणि उतरली. पहिली काळीपिवळी जीप आली ती दाराला माणसं लोंबकळत. दुसरीत बसायला जागा होती, पण मांडीवर. ऊन चढत होतं. विरेश दहा पावलांवर तिची पाण्याची बाटली हातात धरून उभा होता. पुढं यायची हिंमत नाही आणि मागं जायचं मन नाही, अशा पेचात.

तेवढ्यात त्याच्या आईचा फोन आला. माकणीला नागूमावशी सकाळपासून स्वयंपाक करून वाट बघत बसलीय, आधी तिकडं जा, बाकीची घरं काय पुन्हा होतील. फोनमधला आवाज गायत्रीपर्यंत स्वच्छ येत होता. तिनं क्षणभर विचार केला आणि गाडीचं मागचं दार उघडून पत्रिकांच्या खोक्याशेजारी जाऊन बसली.

"चल माकणीला. तुमच्या घरातल्या कुणाला तरी तोंडावर सांगायचंय मला."

वाटेत लोहारा लागलं. तिच्या गल्लीच्या तोंडाशी विरेशनं गाडी हळू केली, आरशातून पाहिलं. ती पुढं बघत होती. "सरळ घे," एवढंच म्हणाली.

नागूबाई म्हणजे विरेशच्या आईची थोरली बहीण. भूकंपानंतर मिळालेल्या दोन खोल्यांच्या घरापुढं ती उभीच होती, सत्तरी गाठलेली, कपाळावर विभूतीचे आडवे पट्टे. शेंगाच्या पोळ्या केल्या होत्या. तिनं गायत्रीच्या तोंडावरून हात फिरवला आणि ताटं मांडायला वळली. गायत्री बसली नाही. मावशी, जेवायच्या आधी एक सांगायचंय, म्हणत तिनं सगळं सांगून टाकलं. आवाज चढू द्यायचा नाही असं तिनं ठरवलं होतं, तो चढलाच. लहानपणापासून जे नाव मी लिहीत आले ते मला न विचारता बदललं. असल्या घरात मला यायचं का, याचा मला आता विचार करावा लागेल, असंही ती म्हणाली. विरेशनं मान वर केली, पुन्हा खाली घातली.

नागूबाईनं हातातलं ताट खाली ठेवलं.

"गजराला तरी कुणी इचारलं हुतं," ती म्हणाली.

"गजरा कोण?" विरेशनं विचारलं.

म्हातारी त्याच्याकडं बघत राहिली. "तुझी आई, लेकरा."

विरेशला वाटलं, मावशीची काहीतरी गल्लत होतेय. त्याच्या आईचं नाव गंगम्मा. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर, रेशन कार्डावर, दुकानाच्या पाटीवर गंगम्मा. मावशी तर तिला कायम तंगी म्हणायची. कानडीत तंगी म्हणजे धाकटी बहीण, एवढं त्याला ठाऊक होतं.

मग नागूबाईनं सांगितलं. गजरा सोळा वर्षांची होती. लग्नात अक्षता पडल्या आणि सासऱ्यानं नवं नाव पुकारलं. पहिल्या खेपेला माहेरी आली तेव्हा सोबत सासरची माणसं होती. नागूबाईनं विहिरीवरून हाक मारली, गजरे. ती वळली. तर सासू म्हणाली, ही हाक आता पुरे. बापानंही मान डोलावली.

"त्या दिवसापासनं म्या तिला गंगम्मा म्हनले न्हाय," नागूबाई म्हणाली. "गजरा म्हनू देत न्हाईत ना, मग तंगी. चाळीस वर्सं झाली. मेले तरी म्हनायची न्हाय."

राग तिच्या आवाजात ताजा होता, कालचा असावा तसा. गायत्री खाली बसली आणि तिनं म्हातारीचा हात धरला. विरेश उठून बाहेर गेला. बऱ्याच वेळानं परत आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते. कुणी आपल्याला सांगितलंच कसं नाही, आईनं तरी का नाही, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. आत्ताच्या आत्ता येडशीला जातो आणि आप्पांना, वडिलांना जाब विचारतो, म्हणाला.

गायत्रीनं त्याचं सगळं बोलून होऊ दिलं.

"आईसाठी आलाय तुला राग," ती म्हणाली. "माझ्यासाठी मंगळवारपासून नाही आला."

 विरेशच्या जागी दुसरा कुणी असता तर म्हणाला असता की, तसं नाही गं. त्याच्याही ओठांपर्यंत ते आलं असावं. पण तो म्हणाला, "व्हय. यायला पायजे होता. भ्यालो मी. आईला दुखवायचं न्हवतं, आणि तू समजून घेशील असं धरून चाललो. तुला धरून चालणं सोपं वाटलं."

 गायत्रीनं ताट पुढं ओढलं आणि पोळी खाल्ली.

जेवण झाल्यावर त्यानं गाडी येडशीकडं घेतली नाही, जेवळीकडं घेतली. सकाळच्या चारही घरी तो उलट्या क्रमानं गेला. सिद्धारामकाकांना म्हणाला, पत्रिकेत चूक आहे, छापखान्याची नाही, माझी आहे. मुलीचं नाव गायत्री आहे आणि गायत्रीच राहणार. काकांनी लाल पेन आणून शिवलीला खोडलं आणि वर सुवाच्य अक्षरात गायत्री लिहिलं. व्याह्यांकडं त्याला ऐकून घ्यावं लागलं की, आत्ताच बायकोच्या ताटाखालचं मांजर झालास. आत्याबाईंनी तर पोरगी फार शहाणी दिसते म्हणून नाक मुरडलं. पहिल्या दोन घरी गायत्री गाडीतच बसून राहिली. आत्याचं ते बोलणं मात्र तिला बाहेर ऐकू आलं, तशी ती उतरली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. मामेभावाच्या घरून निघताना ती पुढच्या सीटवर बसली.

रविवारी सकाळी येडशीला गंगम्मा अंगणात तांदूळ निवडत होत्या. विरेशचा आवाज रात्रभर मनात घोळवलेल्या वाक्यांनी आधीच तापला होता. पण गायत्रीला घेऊन आईच्या समोर बसल्यावर त्याच्या तोंडून एकच शब्द निघाला.

"गजरा?"

त्यांचे हात सुपात थांबले. नागी लई बोलती, असं काहीतरी त्या पुटपुटल्या. मग त्यांनी सूप बाजूला सारलं.

"सासूबाईंनी माझं ठेवलं, मी हिचं ठेवायचं," त्या हळूच म्हणाल्या. "मला वाटलं, सुनेला द्यायचंच असतं ते. नाव शोधायला चार दिवस घालवले मी. चांगलं शोधलं होतं."

गायत्री भांडायच्या तयारीनं आली होती. वाक्यं तिचीही तयार होती. ती म्हणाली, "नाव चांगलंच आहे, आई. पण माझ्याकडं एक आहे."

गंगम्मांनी मान हलवली. पत्रिका नव्यानं छापायला टाका, आप्पांशी मी बोलते, म्हणाल्या. विरेश उठला तशा त्या गायत्रीकडं वळल्या आणि अगदी खालच्या आवाजात, घरात कुणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं विचारलं, "तू कचेरीत असतीस ना… इतक्या वर्सांनी परत होतं का गं ते?"

"होतं," गायत्री म्हणाली. "मी करते."

दुपारी ते दोघं रामलिंगला गेले. दरीत उतरणाऱ्या पायऱ्यांवर माकडं बसली होती. एकानं विरेशच्या हातातली केळी हिसकावली आणि त्यानं विनातक्रार देऊन टाकली. दर्शन घेऊन परत चढताना अर्ध्या वाटेवर तो थांबला. दम लागला होता, की दुसरंच काही, ते कळेना.

"आपलं लग्न घरच्यांनी ठरवलं," तो म्हणाला. "मी तुला कधी विचारलंच न्हाय. आता विचारतो. गायत्री, माझ्याशी लग्न करशील?"

ती दोन पायऱ्या वर होती. कालपासूनचा राग पुरता उतरला नव्हता, आणि तो एवढ्यात उतरू द्यायचीही तिची तयारी नव्हती. पण तो बिचारा घामाघूम होऊन, एक पाय खाली एक पाय वर अशा अवघड अवस्थेत उत्तराची वाट बघत होता… आणि त्याचे कान पुन्हा लाल झाले होते.

"अर्ज मिळाला," ती म्हणाली. "विचार करून कळवते."

"कधी?"

"चौदा तारखेला. दुपारी बारा पस्तीसला."

विरेशला उमगायला थोडा वेळ लागला. चौदाला त्यांचं लग्न होतं आणि बारा पस्तीसचा मुहूर्त होता.

"तोवर लोकांना या म्हणू का?" त्यानं विचारलं.

"म्हण," ती म्हणाली, आणि त्याला वर ओढून घ्यायला तिनं हात पुढं केला.