रिकाम्या पिकपचा रेटा

राजश्रीआक्का संकेश्वरला गेली ती श्रीखंडाचे दोन डबे आणायला. घरी निपाणीत लेकीचा, श्रियाचा, साखरपुडा. दारात मांडव, मांडवात व्याही. आणि व्याह्यांकडची म्हातारी माणसं रिवाजाला पक्की. दिवस बुडाला की जेवण बंद, पाण्याचा घोटसुद्धा नाही. पंगत उजेडातच उठायला हवी. श्रीखंडावाचून व्याही उपाशी उठले, तर भाऊबंदांना जन्मभर चघळायला विषय.

पिकप आक्काची स्वतःची, बॅटरीवरची. पण येताना चालवायला बसला धाकटा दीर भरमू. त्याचा जन्म गेला डिझेलच्या ट्रकवर. दाब दाब दाबायचं आणि पुढं कुणी दिसलं की करकचून ब्रेक. संकेश्वरात लाइट गेलेली, म्हणून चार्ज करता आलं नव्हतं. तवंदी घाटाच्या माथ्यावर आले तेव्हा आठ टक्के उरले होते आणि सूर्य कासराभर वर.

उतार लागला तसा भरमूनं ऐटीत न्यूट्रल मारला.

"हे काय केलंसा, भावजी?"

"वाचवतोय की. ट्रकवर समदा घाट असाच उतरत होतो."

"डोंबल वाचवताय. अवो, हिला उतारालाच खायला मिळतंय. पाय उचलला की ही सोता मागं धरती, अन् त्यातनं चार्ज माघारी भरतोय. न्यूट्रल मारून उपाशी ठेवलासा की तिला. सरका तिकडं."

"बायकांच्या हाताखाली घाट उतरायचा व्हय आता?"

"न्हायतर चालत या."

भरमूनं गाडी कडेला थांबवली आणि तो सरकला. आक्कानं खटका ड्राइव्हला टाकला आणि पाय उचलला.

रिकामी असली की ही पिकप पाय काढल्यावर जागच्या जागी दबकते, दावं ओढल्या म्हशीसारखी. आज दबकलीच नाही. मागून रेटा आला. मऊ, जड, सलग रेटा. आक्कानं ब्रेकवर हलका पाय टेकवला. चार्जच्या काट्यावर नऊ टक्के झाले. लगेच दहा.

 भरमूनं सीटवर पाठ दाबून बघितली, जशी वैद्यानं नाडी बघावी.

"वैनी... मागं माल काय हाय?"

"दोन डबे."

"न्हाय... हा भरल्या गाडीचा रेटा हाय."

आरशात दोन डबे, त्यावर ओला कपडा. बाकी मोकळं. बारा. तेरा.

घाटाच्या आतल्या वळणाला ऊन तुटलं. डोंगराची सावली काचेवर आली आणि केबिनमध्ये वास शिरला. हळदीचा, जुन्या पेटीतल्या लुगड्याचा, हिरव्या तंबाखूचा. डिझेलची गाडी असती तर इंजिनाच्या धडधडीत पुढचं काहीच कळलं नसतं. पण ही गाडी मुकी. आणि मुक्या गाडीत मागचं ऐकू येतं.

आधी बांगड्या किणकिणल्या. मग कुणी खाकरलं. मग दबक्या आवाजात, निम्मं कानडी निम्मं मराठी, बोलणं सुरू झालं.

"पोरगी कुणाची गं?"

"जिनपालची."

"कशाची जिनपालची... राजश्रीची म्हण. त्यो नुसता बसून खातोय."

मागं बायका खुदखुदल्या. लहान लेकरंही होती त्यात.

आक्काच्या मानेवर काटा आला. पण नवऱ्याबद्दलचं बोलणं अगदी खरं होतं, त्यामुळं तिला हसूही फुटलं. भरमूनं डोळे मिटून घेतले होते आणि ओठ हलत होते.

"वैनी... थांबू नगा..."

"थांबतीय कशाला. दिवस बुडाला तर?" मग मान न वळवता ती मागं ऐकू जाईल असं म्हणाली, "नीट बसा. मागच्या फाळक्याला टेकू नका, कडी ढिली हाय."

 फाळका कुरकुरला आणि थांबला. जणू टेकलेलं कुणीतरी बाजूला सरकलं. सतरा. अठरा. पायथ्याला एकवीस.

मांडवापाशी गाडी लागली तेव्हा ऊन अजून शेजारच्या कौलांवर होतं. पोरांनी डबे उतरवले. त्यानंतर मागचे स्प्रिंगचे पाटे कुर्र करून जरा वर आले. मग आणखी जरा. कुणीतरी एकेक करून उतरावं तसे. भरमू धोतर सावरत मांडवात पळाला, आणि त्यानं धोतर नेसलेलंच नव्हतं, पँट होती.

आक्का कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आलाय तर जेवून जावा," ती मोकळ्या हवेला म्हणाली. "पर उजेडात. आमच्यात रात्री वाढत न्हाईत."

पंगत अशी रंगली की विचारू नका. व्याह्यांच्या आप्पांनी तीनदा श्रीखंड मागून घेतलं आणि वर नवऱ्या मुलाच्या आईला म्हणाले, "पोरगी राहू द्या, आईलाच न्या." शेवटचा माणूस हात धुवून उठला तेव्हा सूर्याची नुसती कड उरली होती. आक्काच्या छातीवरचा धोंडा उतरला. ती पहिल्यांदा खाली बसली.

दिवे लागले तशी श्रिया नवा शालू सांभाळत आली.

"आई, ते पाव्हणे कोण गं? जेवून परत आपल्या पिकपमध्ये जाऊन बसलेत."

"कोण पाव्हणे?"

"लई जुन्या वळणाच्या बायका. मला तोंडभर आशीर्वाद दिला. म्हणाल्या, आईला सांग, आमास्नी माघारी घाटात सोडताना चढाला चार्ज जास्त लागंल, आत्ताच भरून घे."

आक्का उठली. भरमू मागोमाग आला, पण चार हात लांबूनच. पिकपमध्ये कुणी नव्हतं. मागचे पाटे मात्र भरल्या गाडीसारखे पार टेकलेले.

"भावजी, चार्जरला तुम्ही लावलीसा?"

"म्या मांडवातनं हललो न्हाय, वैनी..."

वायर गाडीला जोडलेली होती. वरचा हिरवा दिवा शांतपणे उघडझाप करत होता.