मोइरांच्या वेदीवरची बट

कल्पना कर, बाळा… सिक्यॉन गावाबाहेरची ओकची राई, वसंतातली सकाळ, पानांवरून अजून ठिबकणारं पाणी आणि मधोमध आमच्या मोइरांची उघडी वेदी. या तिघी नशिबाच्या देवी. एक आयुष्याचा धागा कातते, दुसरी तो मापते, तिसरी तोडते. तिथे फिलिना धाकट्या बहिणीला, मेलिताला, घेऊन फुलं वाहत होती. इतक्यात एका परक्या तरुणानं आपलं गाढव झाडाला बांधलं आणि वेदीवर चक्क हार ठेवला.

"उचला तो," फिलिना म्हणाली. "मोइरांना हार चालत नाही. सुटी फुलं वाहतात इथे."

"आमच्या कॉरिंथमध्ये असं काही—"

"मग कॉरिंथला जाऊन वाहा."

त्यानं निमूट हार उचलला. "आता हा कुणाला घालू?"

"तुमच्या गाढवाला."

"घेणार नाही. सकाळपासून कौलं वाहून त्याचं डोकं फिरलंय."

तिनं हसू ओठांत दाबलं… पण डोळ्यांनी चुगली केलीच.

त्याचं नाव आर्खिप्पोस. शेजारच्या देवळावर कौलं बसवायला आला होता. मग फिलिनाला रोजच फुलं वाहावीशी वाटू लागली, आणि त्याला रोज छपरावरून उतरायला काही ना काही कारण सापडू लागलं.

"देवींकडे एवढं काय मागता हो?" एकदा त्यानं विचारलं.

"तुम्ही छपरावरून पडू नये… एवढंच."

त्याचे कान लाल झाले.

इकडे तिच्या बाबांनी, दामोननं, तिचं लग्न ठरवूनही टाकलं. मेंढरांचे कळप बाळगणाऱ्या, दोन बायका वारलेल्या युबूलोसशी. तिला विचारलंसुद्धा नाही. तिची आत्या म्हणाली, "मोइरांनीच बांधलीय गं ही गाठ." संताप येतो ना? मला अजून येतो. मेंढरं हवी होती तिच्या बाबांना, आणि नाव पुढे केलं देवींचं.

आमच्याकडे लग्नाआधी नवरी स्वतःच्या हातानं केसांची बट कापून मोइरांना वाहते. दुसऱ्या कुणी कापलेली चालत नाही, आणि वाहिली की मग मागे फिरता येत नाही. सगळं गाव राईत जमलं. बाबांनी कातरी पुढे केली.

फिलिनानं हात मागे घेतला. "माझा धागा मोइरांनी कातला, कबूल. पण युबूलोसचं नाव कुठल्या देवीनं सांगितलं, बाबा?"

"चारचौघांत तोंड चालवतेस?"

"चारचौघांतच मला देऊन टाकताय की."

"शांत हो गं," आत्या कुजबुजली.

"नाही होणार. बट मी देईन, आनंदानं देईन. पण त्या…" तिनं देवळाच्या छपराकडे पाहिलं. "त्या कौलवाल्यासाठी."

आर्खिप्पोस शिडीवरून धडपडतच उतरला. हात मातीनं माखलेले. "माझ्याकडे मेंढरं नाहीत," तो दामोनला म्हणाला. "पण हिनं हो म्हटलं, तर जन्मभर…"

"म्हटलं की आत्ताच," फिलिना म्हणाली आणि तिनं त्याचा मातकट हात धरला.

दामोननं कातरी गवतात भिरकावली. "मोठीनं नाक कापलं माझं. असू दे. युबूलोस थांबेल. धाकटी वाढतेच आहे, ती वाहील निमूट बट."

मेलितानं एकदा बाबांकडे पाहिलं. मग गवतातली कातरी उचलली, वेदीच्या पायरीवर फतकल मारून बसली, आणि आपल्या दोन्ही वेण्या मुळापासून कापून बाबांच्या पायाशी ठेवल्या.