तारलीचे पंधरा दिवस

गणपती जाऊन आठवडा झाला होता, तरी ओरोसचा पाऊस काही हलायला तयार नव्हता. सरकारी वसाहतीतल्या तळमजल्यावर राहणारा स्वरूप सकाळी साडेनऊला दाराला कुलूप लावायला वळला आणि हातातली नकाशाची गुंडाळी त्यानं क्षणभर जिन्याच्या पायरीवर ठेवली. तेवढ्यात वरून काहीतरी तपकिरी, गोलमटोल घरंगळत आलं. गुंडाळीपाशी थांबलं, हुंगलं, मागचे पाय दुमडून खाली बसलं आणि...

"तारली, नको गो—" वरून आवाज आला. पण उशीर झाला होता.

अर्धीच वेणी घातलेली एक मुलगी धावत खाली आली. तिनं पिल्लू उचलून छातीशी धरलं. स्वरूपनं गुंडाळी उलगडली. काळ्या शाईनं काढलेला कालवा कागदभर पसरत चालला होता.

"मी... मी पुसून देते."

"शाई आहे ती. पुसली की जाते."

"मग वाळवून देते?"

"तीन आठवडे," तो म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण त्यामुळेच तिला जास्त लागलं. "तीन आठवडे काढत होतो. आज साहेबांच्या टेबलावर जायचा होता."

"तिला कळत नाही हो अजून. दोन महिन्यांची आहे."

"तुम्ही तर दोन महिन्यांच्या नाही ना?"

तो तसाच, छत्री न उघडता, पावसात निघून गेला. ती मुलगी, वरच्या मजल्यावरची योगिनी, पायरीवर उभी राहिली. पिल्लू तिची हनुवटी चाटत होतं.

स्वरूप पाटबंधाऱ्यांच्या नकाशांचं काम करणारा आरेखक होता. त्या दिवशी त्यानं भरपूर बोलणी खाल्ली. संध्याकाळी तो घरी आला, तर योगिनीच्या समोर राहणाऱ्या पद्मावतीवहिनी दारात वाट बघत होत्या. त्यांच्या सासूबाई, राधाबाई, दुपारी जिन्यातल्या ओल्यावर घसरल्या होत्या. मनगट मोडलं होतं.

"अर्ज करायचा आहे, भावोजी. सगळ्यांच्या सह्या घेते मी. तुमचं अक्षर कसं छापल्यासारखं, तुम्हीच लिहून द्या."

त्यानं लिहून दिला. वहिनींनी सांगितलं तेवढं लिहिलं. कुत्र्यामुळे जिना घाण होतो, म्हातारं माणूस पडलं, कुत्रं हलवावं. मग त्या चहा करायला म्हणून वर गेल्या, आणि दिवसभराचा राग हातात होता, म्हणून त्यानं शेवटी आपल्या मनानं एक ओळ घातली. 'सदर कर्मचारी निवासस्थानात राहण्याइतपत जबाबदार नसल्याने त्यांना दिलेल्या निवासस्थानाचाही फेरविचार व्हावा.' दुसऱ्या दिवशी सकाळी अर्ज गेला.

आणि त्याच दिवशी संध्याकाळी योगिनी त्याच्या दारात आली. हातात झाकलेलं ताट होतं.

"तळलेले बांगडे आहेत. तुमचा कालवा काय भरून यायचा नाही यातून. पण..." तिनं ताट पुढे केलं. "माका काय करूचा ता कळूक नाय म्हणान..."

ती एकदम थांबली. ऑफिसची भाषा सुटून घरची तोंडात आली होती.

"खंयची तुमी?" त्यानं विचारलं.

"विजयदुर्ग."

"मी देवगडचो." तो पहिल्यांदाच थोडं हसला. "बांगडे बघूनच कळाक होया होता."

तारली तिच्या पायाशी घोटाळत होती. बोलणं चालू असतानाच पिल्लू दाराशी बसलं आणि पुन्हा लादीवर पाणी झालं. योगिनीनं घाईघाईनं तिची मान धरून नाक त्या ओल्यात दाबलं. पिल्लू केविलवाणं ओरडलं.

"तसा करू नको," स्वरूप खाली बसत म्हणाला. "तेका वाटता, मुतलंय म्हणान मारतत. मगे ता लपान मुतता. खाटीखाली, कपाटामागे. आमच्या कलमांच्या बागेत माकडां हाकूक कुत्रे असत. मी वाढवलंय."

तो फडक्यानं लादी पुसत होता आणि ती त्याच्याकडे बघत होती. मग तिनं न विचारताच सांगितलं. तिची आई विजयदुर्गाच्या बंदरावर मासे विकायची. पाटीशेजारी एक कुत्री बसायची, तिला आई रोज माशाची डोकी घालायची. फाल्गुनात आई गेली. कुत्री तरी त्याच जागी येऊन बसत राहिली. चतुर्थीला योगिनी घरी गेली तेव्हा कळलं, कुत्री टेम्पोखाली आली, पिल्लांतलं हे एकच उरलं. भाऊ नितेश म्हणाला, बंदरावर सोड, जगलं तर जगलं. तिनं ते पिशवीत घालून एसटीनं आणलं.

"आयेच्या हातचा खाऊन वाढलल्या कुत्र्याचा पिल्लू," ती म्हणाली. "माझ्याकडे दुसरा काय उरूक नाय."

स्वरूपचा हात लादीवर थांबला. अर्ज मागे घेता येईल का, याचा विचार करत तो रात्रभर तळमळला. सकाळी वहिनींकडे गेला. त्या म्हणाल्या, सासूचा हात गळ्यात बांधलाय, मागे कसा घेऊ?

चार दिवसांनी नोटीस आली. योगिनी ती घेऊन थेट खाली आली. पंधरा दिवसांनी पाहणी होणार होती. कुत्र्यामुळे जिना घाण होतो, कर्मचारी जबाबदार नाही, या तक्रारीत तथ्य आढळलं तर प्राणी हलवावा लागेल, आणि निवासस्थानाबाबतही निर्णय घेतला जाईल.

"कुत्र्याचा समजलंय," ती म्हणाली. "पण मी जबाबदार नाय, माका हयसून काढा... असा कोणी लिवला असतला? माझो इतको राग कोणाक?"

सांगायची हीच वेळ होती. स्वरूपनं तोंड उघडलंही.

"योगिनी, तो अर्ज—"

"नको. नाव सांगू नको. कळला तर त्या माणसासमोरून जिनो चढाक जमाचा नाय माका." तिनं डोळे पुसले. "पंधरा दिवसांत ही शिकात?"

त्यानं तारलीकडे पाहिलं. मग म्हणाला, "शिकात. आपण शिकवया."

त्यानं एका जाड कागदावर वेळापत्रक लिहून तिच्या भिंतीला लावलं. उठल्या उठल्या बाहेर. खाल्ल्यावर बाहेर. खेळून दमली की बाहेर. दर वेळी त्याच फणसाखाली, त्याच शब्दानं. केलं की लगेच कौतुक आणि सुक्या बांगड्याचा नखाएवढा तुकडा. घरात झालं तर ओरडायचं नाही. व्हिनेगरच्या पाण्यानं पुसायचं, वास राहता कामा नये. योगिनीचं ऑफिस लांब होतं, स्वरूपचं पाच मिनिटांवर. दुपारी तारलीला बाहेर काढायला तो येणार, असं ठरलं. तिनं त्याच्या हातात दुसरी किल्ली ठेवली, आणि ठेवताना दोघांची बोटं गरजेपेक्षा जरा जास्त वेळ एकमेकांवर राहिली.

पहिले पाच दिवस काहीच जमेना. मुख्य अडचण पावसाची होती. तारली फणसापर्यंत जायचीच नाही. पागोळ्यांपाशी थबकायची, अंग शहारायचं, वळून पळत घरात यायची आणि कोरड्या लादीवर निवांत मोकळी व्हायची. सहाव्या दिवशी योगिनी ऑफिसातून लवकर आली, तर फणसाखाली स्वरूप उभा. छत्री त्यानं गुडघ्याएवढ्या उंचीवर, फक्त पिल्लावर धरली होती. स्वतः डोक्यापासून पायापर्यंत भिजलेला.

"छत्री कोणासाठी असता, ठाऊक आसा?" तिनं लांबूनच विचारलं.

"गप ऱ्हव. आता करतली ती."

आणि तारलीनं खरंच केलं. दोघंही इतके हरखले, की तिनं कौतुकानं त्याचाच दंड धरला. मग लक्षात आलं, आणि हात सोडून ती पिल्लाला कुरवाळायला वाकली.

"तिका बक्षीस गावला," तो म्हणाला. "माका?"

"तू खंय काय केलंस?"

"बारा दिवस तुझ्या घरात पाय टाकतंय, अजून काय एक नुकसान करूक नाय."

"सहाच झाले," ती म्हणाली. पण मान वर केली नाही. गाल तापले होते.

वसाहतीत कुजबुज सुरू झाली. आरेखकाकडे तिची किल्ली असते म्हणे. पद्मावतीवहिनी समोर आल्या की दार लावून घेत. योगिनीला त्याची धास्ती होती. पण त्याहून मोठी धास्ती कॅलेंडरची होती. अकराव्या दिवशी तारली स्वतःहून दाराशी गेली, नखांनी दार खरवडलं. तेराव्या दिवशी पुन्हा चुकली, कपाटाच्या पायाशी. योगिनी लादीवर बसून रडली. स्वरूपनं पुसून घेतलं आणि तो तिच्याशेजारी बसला.

"होयत सगळा बरा," तो म्हणाला. आणि मग, "माका तुका एक सांगूक होया."

"परवा सांग," ती त्याच्या खांद्याकडे बघत म्हणाली. "परवा संपला, की काय सांगायचा ता सांग."

ती काय समजली, हे त्याला कळलं. अर्जाचं पुन्हा राहूनच गेलं.

पाहणीच्या दिवशी वसाहतीचे साहेब सकाळी अकराला योगिनीच्या घरी आले. सोबत पद्मावतीवहिनी, गळ्यात हात बांधलेल्या राधाबाई आणि दारापाशी स्वरूप. साहेबांनी जिना पाहिला, लादी पाहिली, वास घेतला. मग टेबलाशी उभं राहून फाइल उघडली. सगळ्यात वर तो अर्ज होता.

योगिनी शेजारीच उभी होती. तिची नजर कागदावर गेली, मग भिंतीवरच्या वेळापत्रकावर, मग पुन्हा कागदावर. तोच शेपटी ओढलेला 'ळ'. तेच एका पट्टीत बसवल्यासारखे काने. शेवटच्या ओळीतला 'जबाबदार' तिनं दोनदा वाचला.

ती स्वरूपकडे वळली. त्यानं मान खाली घातली.

"मॅडम, कुत्रं घरात घाण करतं का अजून?" साहेब विचारत होते. तिला ऐकूच येत नव्हतं. अनोळखी माणसांनी बावरलेली तारली साहेबांच्या बुटाभोवती हुंगत एक गिरकी घेत होती... दुसरी गिरकी. स्वरूपला ती खूण ठाऊक होती. पण त्यानं पुढे पाऊल टाकलं तशी योगिनी म्हणाली, "तुम्ही पुढे येऊ नका."

तो जागच्या जागी थांबला. तारली बुटापासून निघाली, बंद दाराकडे गेली आणि दार खरवडू लागली. कोणी हललं नाही. ती कुईं कुईं करत पुन्हा खरवडू लागली.

"गो," राधाबाई म्हणाल्या, "तिका भायर जाऊक होया." आणि त्यांनी चांगल्या हातानं कडी काढली.

पिल्लू जिन्यावरून घरंगळत खाली गेलं. सगळे खिडकीशी आले. भर पावसात, कोणाच्या छत्रीशिवाय, तारली फणसाखाली पोचली, बसली, उठली, आणि धावत परत वर आली.

साहेबांनी हसू दाबत शेरा लिहिला. तक्रारीचं कारण उरलेलं नाही. वहिनींनी सासूकडे पाहिलं. सासूबाई म्हणाल्या, "शिकला बिचारा. माझो हात काय, जुळात."

सगळे गेल्यावर योगिनीनं स्वरूपकडून किल्ली मागून घेतली. दुपारी तारलीला बाहेर काढायला ती स्वतः रिक्षानं यायला लागली. जिन्यात तो दिसला तर ती भिंतीकडे बघत चढायची.

तीन दिवसांनी तो वर आला. उंबऱ्याबाहेरच उभा राहिला.

"मिया लिवलंय तो अर्ज."

"बघितलंय." ती दारात आडवी उभी होती. "वहिनीन सांगितल्यानी ता लिवलंस. अक्षर बरा म्हणान तुझ्याकडे इली ती. तीन दिवस मी माझ्या मनाक तसाच समजावतंय."

तिनं त्याला सुटायची वाट करून दिली होती. नुसतं 'होय' म्हटलं असतं, तरी पुरलं असतं.

"तसा नाय," स्वरूप म्हणाला. "कुत्र्याचा वहिनीन सांगितल्यानी. शेवटची ओळ तिनं सांगूक नाय. ती माझी. माझ्या मनातली. तुझी वळख नव्हती, राग इललो... पण लिवली मियाच."

योगिनीचा चेहरा पांढरा पडला.

"मगे सांगतस कशाक? माका कळाचा नाय होता."

"म्हणानच," तो म्हणाला. "तू माका माफ केलंस तर सगळ्याक कर. अर्ध्याक नको. माझा तुझ्यावर मन आसा, योगिनी. ता खोट्यावर ठेवूक माका जमाचा नाय."

तिनं दाराची चौकट घट्ट धरली.

"मी रागावलंय."

"आसांदे."

"किती दिवस रागावान ऱ्हवतलंय, माका म्हायत नाय."

"मी खालीच ऱ्हवतंय," तो म्हणाला, आणि जिना उतरून गेला.

ती अठरा दिवस रागावलेली राहिली. स्वरूपनं एकदाही दार वाजवलं नाही, चिठ्ठी पाठवली नाही. कालवा त्यानं पुन्हा पहिल्यापासून काढायला घेतला होता. संध्याकाळी त्याच्या खिडकीत नकाशावर वाकलेलं डोकं दिसे. पाऊस ओसरला, वसाहतीच्या मागच्या भातात पिवळेपणा आला. राधाबाईंच्या हाताचं प्लास्टर निघालं, त्या दिवशी त्या योगिनीकडे चहाला आल्या. पेला खाली ठेवताना म्हणाल्या, "खालचो झील, स्वरूप, माका दर आयतवारी दवाखान्यात घेऊन गेलो. कोणी सांगूक नव्हता तेका. तू बोलत नाय काय गो त्याच्याशी?"

राधाबाई गेल्यावर योगिनीनं वेणी घातली, पूर्ण घातली, आणि खाली उतरून दार वाजवलं.

स्वरूपनं दार उघडलं. बोटांना शाई होती.

"राग गेलो," ती म्हणाली.

तो म्हणाला, "मगे?"

"मगे काय? लगीन करूचा असात तर विजयदुर्गाक येऊन नितेशाक विचारूक होया. तो आधी नाय म्हणतलो, मगे जेवूक बस म्हणतलो." ती जरा थांबली. "पण आधी माका विचार."

त्यानं शाईचे हात मागे लपवले आणि विचारलं.